परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय? मग प्रशिक्षण कधी घ्यायचं ते उलटं मोजून ठरवा

पदवीचे निकाल लागले की दर वर्षी मला तोच प्रश्न येतो. "ताई, सेल्टा आत्ताच करून टाकू का?" सेल्टा म्हणजे इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र देणारा कोर्स. विचारणाऱ्या मुलांचं इंग्रजी चांगलं असतं, घरच्यांची परवानगी मिळालेली असते, कोर्स कुठे चालतो आणि फी किती हेही त्यांनी शोधून ठेवलेलं असतं. मोजलेलं नसतं ते एवढंच, की कोर्स संपल्यापासून परदेशातल्या वर्गात पहिल्यांदा खडू हातात घेईपर्यंत किती महिने जाणार आहेत.

मीही मोजलं नव्हतं. सत्ताविसाव्या वर्षी बँकेतली नोकरी सोडून मी कोर्स केला. हनोईतल्या शाळेत रुजू झाले ती त्यानंतर अकरा महिन्यांनी. तोवर साठवलेले पैसे निम्मे संपले होते आणि कोर्समध्ये शिकलेलं बरंचसं हातातून निसटलं होतं. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी कोर्स म्हणजे काय, थोडक्यात

परदेशी शाळा आणि भाषाकेंद्रं ज्या प्रमाणपत्रांना मान देतात त्यात दोन नावं वर आहेत. एक केंब्रिजचं सेल्टा. त्यात किमान १२० तासांचं शिक्षण, ६ तास प्रत्यक्ष विद्यार्थ्यांना शिकवणं, ६ तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघणं आणि ४ लेखी कामं असतात. दुसरं ट्रिनिटी कॉलेज लंडनचं सर्टटेसॉल, किमान १३० तासांचं, त्यातही ६ तास खरे विद्यार्थी समोर असतात. तिसरा प्रकार म्हणजे घरबसल्या करायचे '१२० तासांचे टेफल' (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचे) कोर्स. हे शेकड्याने मिळतात आणि स्वस्त असतात. काही देशांत कागदोपत्री ते चालूनही जातात. पण ज्यात एकदाही खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहावं लागत नाही, त्या कोर्सनंतर पहिल्या वर्गात पाय लटपटतात. पैशांची अगदीच ओढाताण असेल तर तो करा, पण मग खाली सांगितलेली शिकवण्याची सवय दुप्पट करा.

सेल्टासाठी तुमचं इंग्रजी युरोपीय मोजपट्टीवर सी-१ च्या वरच्या टोकाला किंवा सी-२ ला, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीला, असावं लागतं. प्रवेशाआधी एक लेखी काम आणि मुलाखत असते. मराठी माध्यमात शिकलेल्या कितीतरी जणांनी ती पार केली आहे. मात्र बोलताना अजून अडखळत असाल तर आधी सहा महिने ते वर्षभर भाषेवर काम करा आणि तेवढा काळ वेळापत्रकात मोकळेपणाने धरा. फी लाखाच्या वर जाते. तेवढे पैसे भरून तिथे स्वतःचं इंग्रजी सुधारत बसणं परवडत नाही.

पहिली पायरी: आपल्या पासपोर्टला कोणतं दार उघडतं

ही कटू गोष्ट आधी सांगते, कारण बहुतेक जाहिराती ती शेवटी सांगतात. भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिकवण्याची सगळी दारं उघडत नाहीत. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा सर्वसाधारणपणे सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारात आपल्यासाठी एक वाट आहे, पण ती शाळेतल्या सहायक शिक्षकाची, आणि तिच्यासाठी इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची अधिकृत पात्रता दोन्ही लागतात. चीनमध्येही पासपोर्ट कोणत्या देशाचा हे फार बघतात.

जपानचा नियम वेगळा आहे. तिथल्या शाळेत परकी भाषा शिकवायच्या व्हिसासाठी त्या भाषेत किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मुंबईकराला हे दाखवता येतं, मराठी माध्यमवाल्याला नाही. तुम्ही मराठी माध्यमातले असाल तर जपानी शाळांवर वर्षभर अर्ज करत बसू नका.

आखाती देशांतल्या शाळा बी.एड. मागतात आणि बहुतेक ठिकाणी दोनेक वर्षांचा शाळेतला अनुभवही. मन आखाताकडेच असेल तर सेल्टाच्या आधी बी.एड.चा विचार करा. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी द्यावी लागते, म्हणजे तुमचं गणित महिन्यांचं न राहता वर्षांचं होतं.

थायलंड आणि व्हिएतनाम हे आपल्यासाठी त्यातल्या त्यात मोकळे देश. थायलंडमध्ये ज्यांचा पासपोर्ट इंग्रजी मातृभाषेच्या देशाचा नाही त्यांच्याकडे इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात, टोइकमध्ये ६०० किंवा त्या तोडीचे. व्हिएतनाममध्ये वर्क परमिटसाठी पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी हे चार खांब आहेत.

कोणत्याही शाळेला पहिला ईमेल लिहाल तेव्हा दुसऱ्याच ओळीत विचारा: भारतीय पासपोर्टवर तुम्ही वर्क परमिट काढून देता का? या एका ओळीने माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या तीन मुलाखती वाचल्या. "नाही" असं उत्तर आलं तर वाईट वाटतं, पण ते पहिल्या दिवशी कळलेलं बरं.

दुसरी पायरी: शाळेची घंटा कधी वाजते

भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा आणि पुढच्या वर्षाचंही शेजारी ठेवा. आता पुढून मागे यायचं आहे.

थायलंडमध्ये पहिलं सत्र मेच्या मध्याला सुरू होतं आणि दुसरं नोव्हेंबरच्या सुरुवातीला. व्हिएतनाममध्ये शाळा ५ सप्टेंबरला समारंभाने उघडतात. भाषाकेंद्रं मात्र वर्षभर शिक्षक घेत असतात, फक्त टेट या त्यांच्या नववर्षाच्या सणाच्या आसपास, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, कुणी ईमेललाही उत्तर देत नाही. जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि त्याची भरती आदल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर सुरू होते. आखातात ब्रिटिश-अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये उघडतात, तर सीबीएसईच्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये.

आता घंटेपासून मागे या. शाळा उघडण्याआधी दोन-तीन आठवडे तिथे पोहोचायला हवं, घर शोधायला आणि शाळा समजून घ्यायला. त्याआधी व्हिसा आणि परमिटची कागदपत्रं, एक ते दोन महिने. त्याआधी अर्ज, मुलाखती, नमुना तास, करारावर सही, आणखी दोन महिने. म्हणजे घंटेच्या चार-पाच महिने आधी प्रमाणपत्र हातात हवं. आणि हे प्रमाणपत्र कोर्सच्या शेवटच्या दिवशी मिळत नाही, केंब्रिजहून यायला काही आठवडे जातात. तोवर केंद्राने दिलेला तात्पुरता अहवाल मुलाखतीला पुरतो, परमिटला नाही.

सगळं मिळून हिशेब असा, की घंटेच्या सहा महिने आधी कोर्स संपलेला असावा. थायलंडच्या मेसाठी तो दिवाळीच्या आसपास संपवा, नोव्हेंबरच्या सत्रासाठी एप्रिल-मेपर्यंत, व्हिएतनामच्या सप्टेंबरसाठी फेब्रुवारी-मार्चपर्यंत. दीड-दोन वर्षं आधी करून ठेवलात तर प्रमाणपत्र शिळं होत नाही, त्याला मुदत नसते. पण तुम्ही शिळे होता. फळ्यासमोर उभं राहून एका वाक्यात सूचना द्यायची, मग गप्प राहायचं, मुलं बोलतात तेव्हा कान टवकारून चुका टिपायच्या, ही सवय पोहणं टिकतं तशी टिकत नाही. सहा महिने हात लावला नाही की पुन्हा पहिल्यापासून.

तिसरी पायरी: कागद, आणि माझ्या वडिलांच्या नावातला 'आय'

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं.

माझ्या पदवीवर वडिलांचं नाव दीपक, 'आय' वापरून छापलं होतं. पासपोर्टवर तेच 'डबल ई'ने. इतकी वर्षं हे कुणाला खटकलं नाही. रेशनकार्डावर तिसरंच स्पेलिंग होतं आणि आम्ही हसून सोडून दिलं होतं. परदेशातल्या एका कचेरीने मात्र कागद परत पाठवले: या दोन व्यक्ती एकच आहेत हे सिद्ध करा. प्रतिज्ञापत्र केलं, ते चाललं नाही. शेवटी पदवीवरचं नाव दुरुस्त करून घ्यावं लागलं, कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा भवनात सहा खेपा झाल्या. मग साक्षांकनाची सगळी साखळी पहिल्यापासून. ज्या सत्राला जायचं होतं ते माझ्याशिवाय सुरू झालं.

म्हणून आज, हा लेख वाचून झाल्यावर लगेच, दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, पासपोर्ट आणि आधार टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. अक्षर न अक्षर जुळवा. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. गुणपत्रिकेवर आडनाव पुढे येतं, शिवाय आईचं नाव जोडलेलं असतं. पासपोर्टमध्ये वडिलांचं नाव कधी दिलेल्या नावात असतं, कधी नसतं. नावांचा क्रम मागेपुढे असणं सहसा निभावून जातं, स्पेलिंगमधला फरक निभत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर हे दोनदा बघावं. पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असेल तर विवाह नोंदणीचा दाखला हाताशी हवा, आणि काही ठिकाणी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेला नावबदलही. राजपत्राचं काम चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाकडे आहे, अर्ज आता ऑनलाइन होतो. माझं स्पष्ट मत आहे: नुकतंच लग्न ठरलं असेल आणि पुढच्या दोन वर्षांत परदेशात शिकवायचं असेल, तर नाव बदलायची घाई करू नका. सासूबाईंना नीट समजावून सांगा, कागदांचं कारण त्यांनाही पटतं.

आता साखळी. पदवीचं आधी राज्य सरकारच्या पातळीवर साक्षांकन होतं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं. पुढे दोन वाटा फुटतात. ज्या देशाने हेग करार मान्य केला आहे तिथे मंत्रालयाचा अपोस्टील पुरतो, तो एक छोटा छापील चिकटपट्टीवजा शिक्का असतो. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. जपान, कोरिया, सौदी अरेबिया, ओमान हे त्यातले. संयुक्त अरब अमिरातीसारखे देश त्यात नाहीत, तिथे मंत्रालयानंतर त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. तुमचा देश कोणत्या बाजूला आहे ते हेग परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघा, कारण यादीत दर एक-दोन वर्षांनी भर पडते. अपोस्टीलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे. त्यावर सेवा पुरवठादार आपला आकार घेतो, तो लेखी विचारून घ्या. थायलंड, व्हिएतनाम, जपान यांचे वाणिज्य दूतावास मुंबईतच आहेत, त्यामुळे दिल्लीला कुणाला धाडायची गरज बहुधा पडत नाही. मुंबईकराला मिळालेली ही मोठी सोय आहे.

शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्या. निकाल म्हणजे पदवी नव्हे. निकाल जून-जुलैत लागतो, पण पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर हाती येतं, म्हणजे बहुधा पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. गुणपत्रिकेवर नोकरी मिळेल, परमिट मिळणार नाही. २०१७ साली तर मुंबई विद्यापीठाचे निकालच काही महिने रखडले होते आणि परदेशी प्रवेश मिळालेली मुलं हातावर हात धरून बसली होती. म्हणून वेळापत्रकात दोन महिने जास्तीचे धरा.

सेल्टाचं प्रमाणपत्र ब्रिटनमधून निघतं, त्यामुळे काही ठिकाणी त्याचं साक्षांकनही ब्रिटनमधूनच मागतात. करारावर सही करण्याआधी शाळेला हे विचारा.

चौथी पायरी: मुंबईत राहून कोर्स कुठल्या महिन्यात

पूर्ण वेळचं सेल्टा चार-पाच आठवड्यांत संपतं. सकाळी शिकायचं, दुपारी शिकवायचं, रात्री उद्याचा तास आखायचा. एक दिवस चुकवणंही महागात पडतं. बदलापूर किंवा विरारहून रोज दोन तास लोकलने जाऊन हे करायचं असेल तर जून ते सप्टेंबर टाळा. रुळांवर पाणी आलं म्हणून तुमचा निरीक्षण-तास पुन्हा होईलच असं नाही. आणि प्रत्यक्ष वर्गातला कोर्स मुंबईत बारा महिने असतो असंही धरून चालू नका. केंब्रिजच्या संकेतस्थळावर केंद्रांची यादी आहे, तिथून तारखा काढा. कधी दुसऱ्या शहरात महिनाभर राहावं लागेल.

ऑनलाइन सेल्टा आता सर्रास चालतं. त्यात प्रवास वाचतो, पण घरची शांतता लागते. वन बीएचकेत चार माणसं, शेजारी दहावीचा भाऊ, खाली मंडळाचा मंडप. गणपतीच्या दहा दिवसांत ऑनलाइन शिकवण्याचा तास घेऊ नका. स्पीकरपुढे कुणाचाही माइक टिकत नाही आणि परीक्षकाला ते समजावून सांगता येत नाही. मला विचाराल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. हवा बरी असते, सण थोडे असतात, गाड्या वेळेवर असतात, आणि व्हिएतनामच्या सप्टेंबरचं गणितही बरोबर जुळतं.

ऑनलाइन कोर्स घेताना केंद्र कोणत्या देशात आहे ते बघा. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तिथला संध्याकाळी सहाचा तास म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. दिवसभर ऑफिस करून रात्री दीडला तास संपवणारी माणसं मी पाहिली आहेत, तिसऱ्या आठवड्यात त्यांचे डोळे सांगतात. हनोई आणि बँकॉक आपल्या दीड तास पुढे आहेत, तिथल्या केंद्राचा सकाळचा नऊचा तास आपल्याकडे साडेसातला येतो. नोकरदारांना अर्धवेळचा, काही महिने चालणारा कोर्सच सोयीचा.

काही जण थेट व्हिएतनाम किंवा थायलंडमध्ये जाऊन कोर्स करतात. तिथेच शाळा बघता येतात, मुलाखती समोरासमोर होतात, हे खरं. पण पदवीचं साक्षांकन आणि पोलिसांचा दाखला मुंबईत पूर्ण करूनच निघा. परक्या देशात बसून कालिन्यातलं काम होत नाही. आणि पर्यटक व्हिसावर 'तोवर थोडे तास घे' असं कुणी म्हटलं तर घेऊ नका. पकडलं गेलं तर दंड आणि परत पाठवणी तुमच्या वाट्याला येते, शाळेच्या नाही.

पाचवी पायरी: कोर्सच्या आधी आणि नंतर, वर्ग सोडू नका

लालबाग-परळला अजून रात्रशाळा आहेत. दिवसा काम करणारी मुलं संध्याकाळी येऊन दहावीचा अभ्यास करतात आणि त्यांना इंग्रजीला मदत हवीच असते. दादर-ठाण्याच्या इंग्रजी संभाषणाच्या शिकवण्या आहेत, सोसायटीतली सहावी-सातवीची मुलं आहेत. ज्यांना दोन वर्षं देता येतात त्यांच्यासाठी २००९ मध्ये मुंबई-पुण्यातून सुरू झालेली टीच फॉर इंडियाची फेलोशिपही आहे. कोर्सच्या आधी तीन महिने आठवड्याला दोन तास शिकवलंत तरी मुलाखतीत तुमचं बोलणं वेगळं येतं.

कोर्समध्ये माझ्या पहिल्या तासाला मार्गदर्शक बाई मागे घड्याळ लावून बसल्या होत्या. तास संपल्यावर त्यांनी कागद पुढे केला. ४० मिनिटांपैकी २६ मिनिटं मी बोलले होते. बारा विद्यार्थी, उरलेली १४ मिनिटं त्यांच्यात वाटली की प्रत्येकाला मिनिटभर. मला वाटलं होतं मी छान समजावते आहे.

मग शिकले ते असं. 'आय यूज्ड टू लिव्ह इन लालबाग' हे वाक्य फळ्यावर लिहायचं आणि व्याख्यान न देता तीन छोटे प्रश्न विचारायचे. तो आता लालबागला राहतो का? नाही. आधी राहत होता का? हो. एकच दिवस, की बरीच वर्षं? बरीच वर्षं. अर्थ पोहोचला. आपल्याला इथे एक फायदाही आहे, कारण मराठीत याला नेमकं रूप आहे: 'मी लालबागला राहायचो'. रीतिभूतकाळ. इंग्रजी मातृभाषेच्या कित्येक प्रशिक्षणार्थींना हा फरक शब्दांत सांगता येत नव्हता, मला येत होता, कारण शाळेत व्याकरण घोटून घेतलं होतं. परकी भाषा म्हणून इंग्रजी कष्टाने शिकलेला शिक्षक विद्यार्थ्याची अडचण आतून ओळखतो. मुलाखतीत हे संकोच न करता सांगा.

कोर्सनंतर आणि निघण्याआधीही हीच रात्रशाळा, हाच वर्ग चालू ठेवा. मी तो बंद केला आणि हनोईत पहिल्या दिवशी पुन्हा २६ मिनिटं बोलले.

सहावी पायरी: ज्यांना मुदत असते ते सगळ्यात शेवटी

आयईएल्टीएस आणि टोइक या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षांपुरते धरले जातात. पोलिसांचा दाखला बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला मागतात, वैद्यकीय तपासणी त्याहून ताजी. म्हणून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आयईएल्टीएस देऊन ठेवू नका. अर्ज पाठवायच्या महिना-दोन महिने आधी द्या. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, मुंबईत मालाड, अंधेरी, लोअर परळ इथे केंद्रं आहेत, फी ५०० रुपये. करार हातात पडला की अर्ज टाका, त्याआधी नको; फक्त कोर्सच तिथे जाऊन करणाऱ्यांनी निघण्याआधी टाका. गेल्या काही वर्षांत पत्ता बदललेला असेल, भाड्याच्या घरात राहत असाल, तर पोलीस पडताळणीला जास्त दिवस जातात हे धरा. पासपोर्टची मुदत मात्र आजच बघा. दीड वर्षाहून कमी उरली असेल तर सगळ्यात आधी तोच नवा करा, नाहीतर व्हिसा जुन्या पासपोर्टवर आणि परमिट नव्यावर असा गुंता होतो.

दोन माणसं, दोन वेळापत्रकं

शेवटच्या वर्षाची परीक्षा दिलेली मुलगी धरू. जुलैत निकाल. त्याच महिन्यापासून रात्रशाळेत शिकवणं आणि कागदांची जुळवाजुळव. सप्टेंबर-ऑक्टोबरात कोर्सच्या मुलाखती. जानेवारी-फेब्रुवारीत कोर्स. त्याच सुमारास पदवी हाती. मार्च-एप्रिल साक्षांकन, एप्रिलला इंग्रजीची परीक्षा, मेपासून अर्ज, जूनला करार आणि लगेच पोलिसांचा दाखला, ऑगस्टमध्ये विमान. निकालापासून तेरा महिने. "एवढे?" म्हणून तिची आई विचारते. हो, एवढे, आणि त्यातला एकही महिना रिकामा नाही.

नोकरदाराची पदवी आधीच कपाटात आहे, त्यामुळे त्याचं साक्षांकन आणि अर्धवेळचा कोर्स बरोबरच चालू शकतात. त्याची अडचण निराळी, नोटीस पीरियड. मुंबईतल्या बँका आणि आयटी कंपन्यांत तो ९० दिवसांचा असतो. शाळा म्हणते सहा आठवड्यांत या. मुलाखतीतच रुजू होण्याची तारीख सांगा आणि करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका. मी उलटं केलं होतं, आधी राजीनामा. त्या अकरा महिन्यांत दर महिन्याच्या एक तारखेला पोटात गोळा यायचा.

पैसे आणि एजंट

कोर्सची फी, साक्षांकन, परीक्षा, तिकीट हे सोडून तिथल्या तीन महिन्यांचा खर्च हाताशी हवा. पहिला पगार महिना भरल्यावर येतो आणि घरमालक अनामत आधी मागतो. ही रक्कम जमेपर्यंत कोर्स पुढे ढकलला तरी चालेल.

चांगल्या शाळा शिक्षकाकडून पैसे घेत नाहीत. एजंटामार्फत जात असाल तर तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते त्याच्या परवाना क्रमांकाने तपासा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. 'आधी पर्यटक व्हिसावर चला, तिकडे बदलून देतो' म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून चहा न पिता उठा.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात

पदवी, कोर्सचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला यांच्या मूळ प्रती हातातल्या पिशवीत, विमानाच्या सामानात नाही. प्रत्येकाची स्कॅन प्रत स्वतःच्या ईमेलवर आणि घरी एका माणसाकडे. पासपोर्ट आकाराचे पांढऱ्या पार्श्वभूमीचे वीस फोटो, तिथे प्रत्येक अर्जाला लागतात. घरी कुणाला तरी अधिकारपत्र देऊन ठेवा, म्हणजे विद्यापीठातलं एखादं काम निघालं तर ती व्यक्ती कालिन्याला जाऊ शकेल. माझ्या धाकट्या भावाने तशा दोन खेपा केल्या. आणि रात्रशाळेतल्या मुलांना शेवटचा तास कधी ते आधी सांगा, त्यांच्या परीक्षेच्या तोंडावर वर्ग मध्येच तुटू नये. तुमच्या जागी कोण येणार हे निघण्याच्या महिनाभर आधी ठरवा आणि त्या व्यक्तीला दोन तास शेजारी बसवून शिकवू द्या.